कपाटातले कागद पेपरलेस-एनजीएक्समध्ये: मराठी कागदपत्रांसाठी टप्प्याटप्प्याने

पेपरलेस-एनजीएक्स हे कागदांचे स्कॅन साठवून त्यातला मजकूर शोधू देणारे, स्वतःच्या संगणकावर चालवायचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते बसवणे अवघड नाही. डॉकर (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारे साधन) असलेल्या संगणकावर ते तासाभरात चालू होते, आणि तिथेच घात होतो. चालू झाले म्हणून लोक त्याच दिवशी अख्खे कपाट त्यात ओततात. मग आठवड्याने कळते की मराठी मजकूर वाचलाच गेलेला नाही, खरेदीखताच्या तळाच्या सह्या कापल्या गेल्या आहेत, तारखा भलत्याच लागल्या आहेत आणि बॅकअप म्हणून जे ठेवले ते परत उघडत नाही. यातली एकही चूक सॉफ्टवेअरची नाही, सगळ्या क्रमाच्या आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग स्कॅनिंगचे नियम, मग सॉफ्टवेअर आणि भाषा, मग दहा कागदांची चाचणी, मग बॅकअप आणि तो परत उभा करून पाहणे. कपाट त्यानंतर. कागद फाडणे सगळ्यात शेवटी.

## १. कागदांची विभागणी

जमिनीवर जागा करा आणि कागदांचे चार ढीग लावा.

पहिला ढीग, मूळ प्रत कायम जपायचे कागद: खरेदीखत, इंडेक्स टू, मृत्युपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, विमा पॉलिसी. यांचा स्कॅन शोधण्यासाठी आणि पाहण्यासाठी असतो, मूळ कागदाची जागा तो घेत नाही. गृहकर्जासाठी बँक मूळ खरेदीखतच मागते.

दुसरा ढीग, काही वर्षे ठेवायचे कागद: कर भरल्याच्या पावत्या, फॉर्म १६, दुरुस्तीची बिले, वॉरंटी कार्डे, दवाखान्याचे कागद.

तिसरा ढीग, फक्त मजकूर हवा असलेले कागद: वीजबिले, गॅसची बिले, मेंटेनन्सच्या पावत्या.

चौथा ढीग रद्दी. हा सगळ्यात मोठा निघायला हवा. पाकिटे, जाहिराती, एकाच पॉलिसीची दहा स्मरणपत्रे स्कॅन करण्यात वेळ घालवू नका. रद्दीतही आधार किंवा पॅनची झेरॉक्स असतेच, तेवढी वेगळी काढून बारीक फाडा.

आता हाताळणी. पिना आणि स्टेपल काढा. पावसाळ्यात दमट झालेले कागद स्कॅनरच्या फीडरमध्ये (कागद आपोआप ओढणाऱ्या भागात) एकावर एक चिकटून जातात आणि एक पान गाळले गेल्याचे कळतही नाही. असे कागद आधी पंख्याखाली सुटे पसरून कोरडे होऊ द्या.

सावधान: शिवलेला किंवा लाख-शिक्का असलेला नोंदणीकृत दस्त उसवू नका. त्याची पाने सुटी करून पुन्हा शिवली की दस्ताबद्दल शंका घ्यायला जागा मिळते. असे दस्त फ्लॅटबेडवर (काचेवर कागद ठेवायच्या स्कॅनरवर) किंवा वरून फोनने, पान उलटत उलटत घ्या.

सावधान: थर्मल पावत्यांना उष्णता देऊन लॅमिनेशन करू नका, त्या काळ्या पडतात. एटीएमच्या स्लिपा आणि दुकानाची बिले मुळातच पुसट होत जातात, म्हणून ती सगळ्यांत आधी स्कॅन करा.

## २. शब्द आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

पेपरलेसमध्ये प्रत्येक कागदाला करस्पॉन्डंट (कागद कोणाकडून आला), डॉक्युमेंट टाइप (कागद कशाचा आहे), टॅग आणि कस्टम फील्ड असतात. एका वहीच्या पानावर यांची यादी करा.

- करस्पॉन्डंट: महावितरण, महानगरपालिका, तलाठी कार्यालय, बँक, सोसायटी. एका संस्थेचे एकच नाव. 'महावितरण', 'एमएसईबी' आणि 'वीज मंडळ' असे तीन करस्पॉन्डंट झाले की बिले तीन ठिकाणी विखुरतात.
- डॉक्युमेंट टाइप: बिल, पावती, दाखला, दस्त, उतारा, पॉलिसी, पत्र. आठ-दहा पुरतात.
- टॅग: कागद कोणत्या माणसाचा किंवा कोणत्या घराचा. 'आई', 'बाबा', 'गावची जमीन', 'पुण्याचे घर'. विषयांचे पन्नास टॅग करू नका, ते काम डॉक्युमेंट टाइप करतो.
- कस्टम फील्ड: गट क्रमांक, पॉलिसी क्रमांक, मुदत संपण्याची तारीख.

अंकांचा नियम आताच करा. ओसीआर (स्कॅनच्या चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणारी प्रक्रिया) मराठी उताऱ्यातला '७/१२' देवनागरीत वाचतो आणि इंग्रजी कागदातला इंग्रजी अंकांत. शोधताना हे दोन्ही सारखे धरले जातील अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून कस्टम फील्डमध्ये आणि शीर्षकात अंक कायम एकाच पद्धतीने लिहा. आमचा कल इंग्रजी अंकांकडे आहे, कारण ग्राहक क्रमांक, पॉलिसी क्रमांक, खाते क्रमांक बहुतेक तसेच छापलेले असतात. उताऱ्याला मात्र 'सातबारा' असे अक्षरी नाव द्या, म्हणजे अंकांचा प्रश्नच उरत नाही.

## ३. स्कॅन कसा असावा

रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). १५० वर देवनागरीतल्या मात्रा, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. ६०० वर फाइल फुगते आणि साध्या छापील कागदाला फायदा फारसा होत नाही. अगदी बारीक टाइप असलेल्या पॉलिसीच्या अटींपुरते ४०० घ्या.

छापील बिलांना ग्रेस्केल घ्या, शिक्के-सह्या-स्टॅम्प असलेल्या कागदांना रंगीत. निळी शाई आणि जांभळा शिक्का रंगीत स्कॅनमध्येच नीट वेगळे दिसतात. निव्वळ काळा-पांढरा प्रकार टाळा. जुन्या पिवळ्या कागदावर तो डाग काळे करतो आणि पुसट अक्षरे उडवतो.

कागदाच्या मापाकडे खास लक्ष द्या. घरातल्या बहुतेक फ्लॅटबेड स्कॅनरची काच ए-फोर मापाची, म्हणजे सुमारे २९७ मिलिमीटर लांब असते. दस्त मात्र लीगल कागदावर असतात, ३५६ मिलिमीटर. काचेवर तो ठेवला की तळचा दोन-अडीच इंचांचा भाग बाहेर राहतो, आणि सह्या, साक्षीदार, शिक्के नेमके तिथे असतात. फीडर असेल तर लीगल माप निवडून फीडरमधून घ्या. कागद शिवलेला असेल तर फोन वापरा.

मागची बाजू विसरू नका. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतरणाच्या नोंदी असतात, त्या नसल्या तर सर्टिफिकेट जुन्याच मालकाच्या नावाचे दिसते. स्टॅम्प पेपरच्या मागे विक्रेत्याची नोंद असू शकते. फीडर एकाच बाजूचा असेल तर पेपरलेसमध्ये दोन बाजू जुळवण्याची सोय आहे. ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. मग आधी सगळ्या पुढच्या बाजू, नंतर गठ्ठा उलटा करून मागच्या बाजू स्कॅन करायच्या आणि दोन्ही फाइली ठरलेल्या उपफोल्डरमध्ये टाकायच्या. पाने एकाआड एक लावली जातात. दोन्ही वेळा पानांची संख्या सारखी हवी.

संगणकावर स्कॅन घ्यायला नॅप्स-टू हे मुक्त सॉफ्टवेअर चांगले आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ते चालते आणि तिरके आलेले पान सरळही करते. फोनवर ओएसएस डॉक्युमेंट स्कॅनर घ्या. फोनवरून येणारी फाइल जेपीजी नको, पीडीएफ हवी. जेपीजीमध्ये डीपीआयची नोंद नसेल तर पानाचे माप अंदाजाने धरले जाते किंवा फाइल नाकारली जाते.

सावधान: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला कागद दाबून बारीक केलेला असतो. नातेवाइकांकडून कागद मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे सांगा. फोटो म्हणून आलेला दाखला पाहायला बरा दिसतो, पण ओसीआरच्या दृष्टीने निकामी.

तपासणी: पहिल्या पाच फाइली २०० टक्के मोठ्या करून पाहा. 'र्य', 'ष्ट्र', 'क्ष' स्पष्ट वाचता येतात का? चारही कडा दिसतात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## ४. मशीन आणि मांडणी

जुना लॅपटॉप, छोटा डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक पुरतो. पायवर ओसीआर संथ चालतो एवढेच. रॅम ४ जीबी असेल तर घरगुती वापर निभावतो. माहिती एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडी जोडा.

वीज जाणाऱ्या भागात छोटा यूपीएस हवाच. डेटाबेसमध्ये लिहिणे चालू असताना मशीन अचानक बंद झाले तर फाइली वाचतात, पण टॅग आणि तारखा ज्यात असतात तो डेटाबेस बिघडू शकतो. लॅपटॉपची चांगली बॅटरी हेच काम करते.

पेपरलेस कागद डिस्कवर एन्क्रिप्ट न करता ठेवते. लॅपटॉप चोरीला गेला तर घरातल्या सगळ्यांचे आधार, पॅन आणि दस्त सोबत गेले. म्हणून अख्खी डिस्क आधीच एन्क्रिप्ट करा: लिनक्सवर लक्स, विंडोजवर बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट. भाड्याच्या सर्व्हरवर हे सगळे टाकू नका आणि राउटरमध्ये पोर्ट उघडून थेट इंटरनेटवरही आणू नका. घराबाहेरून हवे असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी मार्ग) लावा.

## ५. बसवणे आणि भाषा

डॉकर आणि डॉकर कंपोज बसवा, मग प्रकल्पाने दिलेली इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट चालवा. ती एकेक प्रश्न विचारते. डेटाबेस विचारल्यावर पोस्टग्रेस निवडा. वर्ड-एक्सेल फाइलीही ठेवायच्या असतील तर टिका आणि गोटेनबर्ग या जोडसाधनांना हो म्हणा. फक्त कागदच असतील तर नको, ती दोन्ही मेमरी खातात.

चार फोल्डर लक्षात ठेवा. कन्झ्यूम म्हणजे नव्या फाइली टाकण्याची जागा, मीडिया म्हणजे कागदांची जागा, डेटा म्हणजे शोधसूची वगैरे, आणि एक्सपोर्ट म्हणजे बॅकअप काढण्याची जागा.

सावधान: कन्झ्यूम फोल्डरमध्ये टाकलेली फाइल आत घेतली गेली की तिथून पुसली जाते. ती एकमेव प्रत असेल तर आधी दुसरीकडे कॉपी करा. ब्राउझरमधून अपलोड केलेल्या फाइलीला हे लागू नाही.

आता भाषा. सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. डॉकरच्या प्रतिमेत इंग्रजी आणि काही युरोपीय भाषा आधीच असतात, मराठी नसते. पर्यावरण (एन्व्हायर्नमेंट) फाइलमध्ये, म्हणजे पेपरलेसच्या सेटिंग लिहिलेल्या फाइलमध्ये, दोन वेगळ्या सेटिंग आहेत आणि त्यांच्या नावांत एकाच अक्षराचा फरक आहे. सेटिंगची नावे रोमन मोठ्या अक्षरांत, अधोरेषांनी जोडलेली असतात.

१. 'पेपरलेस ओसीआर लँग्वेजेस', अनेकवचनी. कोणती भाषा डाउनलोड करून बसवायची ते ही सांगते. इथे मराठीचा तीन अक्षरी कोड एम-ए-आर लिहा. हिंदीही हवी असेल तर जागा सोडून एच-आय-एन.

२. 'पेपरलेस ओसीआर लँग्वेज', एकवचनी. वाचताना कोणती भाषा वापरायची ते ही सांगते. इथे एम-ए-आर, अधिकचे चिन्ह, ई-एन-जी असे सलग लिहा, मध्ये जागा नको.

फक्त पहिली भरली तर मराठी बसते पण वापरली जात नाही. फक्त दुसरी भरली तर भाषा सापडत नाही म्हणून चूक येते. हिंदी उगाच जोडू नका. भाषा वाढल्या की वेळ वाढतो आणि लिपी एकच असल्याने मराठी शब्दांना हिंदी वळण लागते.

त्याच फाइलमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता करा. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा मुळातच असतो, तो बदलू नका. उपफोल्डरमधल्या फाइलीही घेतल्या जाव्यात असे वाटत असेल तर 'कन्झ्यूमर रिकर्सिव्ह' चालू करा, नाहीतर उपफोल्डरमध्ये टाकलेल्या फाइली तशाच पडून राहतात.

फाइल जतन केल्यावर 'डॉकर कंपोज अप' ही आज्ञा पुन्हा द्या. नुसता 'रीस्टार्ट' दिला तर कंटेनर जुन्याच सेटिंगवर उठतो आणि तुम्ही तासभर डोके खाजवत बसता.

कन्झ्यूममध्ये फाइल पडूनही काहीच होत नसेल तर कारण बहुधा पुढच्या दोनपैकी एक असते. फोल्डरची मालकी तुमच्या यूजरची नसून रूटची आहे, तर 'यूजरमॅप यूआयडी' आणि 'जीआयडी' तुमच्या क्रमांकांशी जुळवा. किंवा फोल्डर नेटवर्क शेअरवर अथवा विंडोजच्या ड्राइव्हवर आहे आणि नवीन फाइल आल्याची सूचना कंटेनरपर्यंत पोहोचत नाही, तर 'कन्झ्यूमर पोलिंग'मध्ये सेकंदांचा आकडा भरा.

आवृत्तीबाबत एक मत: कंपोज फाइलमध्ये (डॉकरने काय चालवायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'लेटेस्ट' ठेवू नका, ठरावीक आवृत्तीचा क्रमांक लिहा. का ते आठव्या टप्प्यात येईल.

## ६. दहा कागदांची चाचणी

पुढील दहा निवडा: एक वीजबिल, एक मराठी दाखला, एक इंग्रजी पॉलिसी, एक सातबारा, एक हस्तलिखित उतारा, एक थर्मल पावती, एक लीगल दस्त, एक पासवर्ड असलेली पीडीएफ, एक डिजिटल सहीची पीडीएफ आणि एक जुनी सरकारी पीडीएफ. प्रत्येक कागद उघडून 'कंटेंट' या भागातला मजकूर वाचा.

*छापील मराठी कागद.* शब्द ओळखीचे दिसायला हवेत. शे-दोनशे शब्दांत काही चुका असणारच, त्या सोडा. पण सगळाच मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांत दिसत असेल तर भाषेची सेटिंग लागलेली नाही.

*हस्तलिखित आणि मोडी.* टेसरॅक्टकडून, म्हणजे पेपरलेस वापरते त्या ओसीआर इंजिनाकडून, अपेक्षा ठेवू नका. जुने फेरफार, हाताने भरलेले सातबारा, मोडीतले कागद यांचा मजकूर कचराच येतो. अशा कागदाला नीट शीर्षक द्या आणि नोट्समध्ये गाव, गट क्रमांक, खातेदार, वर्ष हाताने टाइप करा. दोन ओळी पुरतात, आणि शोधात कागद त्याच दोन ओळींवर सापडतो.

*जुन्या फॉन्टची पीडीएफ.* हा खास आपल्याकडचा घोळ. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आतला मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा असतो. खात्री करायची तर एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. पेपरलेस मूळ सेटिंगमध्ये, ज्या पानावर मजकूर आधीच आहे त्याचा ओसीआर करत नाही. म्हणून तो कचराच मजकूर म्हणून साठवला जातो. 'रीडू' हा पर्यायही इथे कामाचा नाही, तो फक्त आधीच्या ओसीआरचा अदृश्य थर बदलतो आणि दिसणारा मजकूर तसाच ठेवतो. हवा तो 'फोर्स'. कॉन्फिगरेशनमध्ये ओसीआर मोड तात्पुरता 'फोर्स' करा, त्या कागदावर 'रीप्रोसेस' द्या आणि मोड पुन्हा मूळ जागी आणा. कायम 'फोर्स' ठेवला तर चांगल्या पीडीएफचीही चित्रे होतात आणि फाइली फुगतात.

*डिजिटल सहीची पीडीएफ.* महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घेतलेला सातबारा असाच असतो. अशा फाइलीत बदल केला की सही अवैध होते, म्हणून ओसीआर तिला हात लावायला नकार देतो आणि असेल तोच मजकूर घेतला जातो. ते ठीक आहे. पेपरलेस मूळ फाइल जशीच्या तशी ठेवते आणि शोधता येणारी 'अर्काइव्ह' प्रत वेगळी बनवते. कुठे सादर करायची असेल तर डाउनलोडच्या यादीतून 'ओरिजिनल' निवडा. अर्काइव्ह प्रतीत डिजिटल सही टिकत नाही.

*पासवर्ड असलेली पीडीएफ.* ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. बँकेची स्टेटमेंटही कुलूपबंद येतात. कुलूपबंद फाइलीतला मजकूर वाचता येत नाही, म्हणून क्यूपीडीएफ या मुक्त साधनाने पासवर्ड काढलेली प्रत बनवून ती आत टाका. पासवर्ड काढला की त्या प्रतीवरची डिजिटल सही अवैध ठरते. मूळ कुलूपबंद फाइल म्हणूनच वेगळ्या फोल्डरमध्ये जपा.

तपासणी, तारीख: पेपरलेस मजकुरातली तारीख उचलते, आणि ती बऱ्याचदा जन्मतारीख किंवा जीआरची तारीख निघते. काहीच सापडले नाही तर फाइलची तारीख लागते, म्हणजे १९९४ चा दाखला यंदाचा होतो. मराठी कागदांच्या तारखा प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहा. नियम एकच ठेवा: कागद दिल्याची तारीख. मुदत कस्टम फील्डमध्ये.

तपासणी, शोध: एक मराठी शब्द घेऊन दोन प्रकारे शोधा, 'शीर्षक व मजकूर' या गाळणीने आणि प्रगत शोधाने. देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरे प्रगत शोधात तुटून शब्द न सापडण्याची शक्यता असते. तसे झाले तर मराठीसाठी पहिलीच गाळणी वापरा. शीर्षक आणि टॅग नीट असले की बहुतेक वेळा मजकुरात शिरावेच लागत नाही.

## ७. आपोआप वर्गीकरण

'तपासायचे' नावाचा टॅग करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'इनबॉक्स टॅग' वर खूण करा. येणाऱ्या प्रत्येक कागदाला तो आपोआप लागतो. शीर्षक, तारीख, करस्पॉन्डंट, टाइप पाहून झाले की तो काढायचा. हा टॅग असलेले कागद पेपरलेस शिकण्यासाठी वापरत नाही, म्हणून तपासलेले कागदही इनबॉक्समध्ये पडून राहिले तर 'ऑटो' वर्गीकरण (आधीच्या कागदांवरून शिकून पेपरलेसने स्वतः टॅग आणि टाइप लावणे) कधीच सुधारत नाही. 'ऑटो काम करत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

ठरावीक क्रमांक छापलेल्या कागदांना ऑटोची वाट पाहू नका. महावितरणच्या बिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. 'पुण्याचे घर' या टॅगला जुळणीचा प्रकार 'एक्झॅक्ट' देऊन तो क्रमांक भरा, आणि गावच्या घराच्या टॅगला तिथला क्रमांक. ओसीआर नाव चुकवतो, पण छापील इंग्रजी अंक सहसा बरोबर वाचतो. पॉलिसी आणि मिळकत कराच्या क्रमांकांनाही हेच.

एकच फाइल दुसऱ्यांदा टाकली तर पेपरलेसला ती ओळखू येते. पण तोच कागद पुन्हा स्कॅन केला तर ती नवीन फाइल ठरते. म्हणून स्कॅन झालेल्या कागदाच्या कोपऱ्यात लगेच पेन्सिलीने बारीक खूण करा. दस्त आणि दाखल्यांवर नको, त्यांच्या प्लास्टिकच्या कव्हरवर करा.

## ८. बॅकअप, आणि तो परत उभा करणे

मीडिया फोल्डर कॉपी केला म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज. त्यात पीडीएफ मिळतील, पण टॅग, तारखा, नोट्स, कस्टम फील्ड डेटाबेसमध्ये असतात. चालू डेटाबेसचा फोल्डर तसाच उचललात तर तो अर्धवट निघू शकतो.

'डॉक्युमेंट एक्सपोर्टर' ही आज्ञा कंटेनरच्या आत चालवा. एक्सपोर्ट फोल्डरमध्ये सगळ्या फाइली आणि त्यांची माहिती असलेली मॅनिफेस्ट फाइल तयार होते. तो फोल्डर रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या साधनाने एन्क्रिप्ट करून दोन ठिकाणी ठेवा: एक घरातली बाहेरची डिस्क, दुसरी घराबाहेर, भावाबहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. त्याच टेबलावरच्या दोन डिस्क हा एकच बॅकअप समजा.

मग तो परत उभा करा. दुसऱ्या संगणकावर रिकामे पेपरलेस बसवा आणि 'डॉक्युमेंट इम्पोर्टर' चालवा. इथे आवृत्तीचा मुद्दा येतो. एक्सपोर्ट ज्या आवृत्तीतून काढला त्याच आवृत्तीत तो आत घ्यायचा असतो, वेगळ्या आवृत्तीत इम्पोर्ट अडू शकतो. म्हणून क्रमांक लिहून ठेवा, कंपोज आणि पर्यावरण फाइलींची प्रतही बॅकअपमध्ये टाका, आणि कोणतेही अपग्रेड करण्याआधी नवा एक्सपोर्ट काढा.

तपासणी: दोन्हीकडे कागदांची संख्या सारखी आहे का? पाच कागद उघडतात का? त्यांचे टॅग आणि तारखा आल्या का? शिवाय मूळ मशीनवर 'सॅनिटी चेकर' चालवा, गहाळ किंवा बदललेल्या फाइली तो दाखवतो.

डिस्क एन्क्रिप्ट केल्याचा आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवा. पेपरलेसमध्ये ठेवला तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आत राहते.

## ९. आता कपाट

रोज एक गठ्ठा, तीस-चाळीस कागद. त्याहून जास्त केले की इनबॉक्स तुंबतो आणि तपासणी राहून जाते. वीजबिलांसारखे सुटे कागद एकत्र फीडरमध्ये लावायचे असतील तर दोन बिलांच्या मध्ये 'पॅच-टी' बारकोडचे विभाजक पान घाला आणि सेटिंगमध्ये बारकोड चालू करा. विभाजक पान गाळले जाते आणि प्रत्येक बिल वेगळा कागद होते. दोन्ही बाजू स्कॅन करत असाल तर विभाजकाची कोरी मागची बाजू पुढच्या बिलाला चिकटू शकते, आधी दोन बिलांवर करून पाहा.

मूळ प्रत जपायच्या कागदांना अर्काइव्ह सीरियल नंबर द्या. पारदर्शक कव्हरवर क्रमांकाचे लेबल लावा, तोच क्रमांक पेपरलेसमध्ये भरा आणि बॉक्स फाइलमध्ये क्रमांकानेच लावा. विषयवार फाइली करायची गरज उरत नाही: 'सोसायटी शेअर' शोधले, क्रमांक ४७ दिसला, फाइलीतून ४७ काढला. लेबलवर बारकोड किंवा क्यूआर छापून क्रमांक आपोआप भरता येतो, त्यासाठी लेबल स्कॅनच्या आधी पहिल्या पानावर हवे. मूळ दस्तावर ते चिकटवू नका, तिथे क्रमांक हाताने टाइप करा.

चुकून पुसलेला कागद ट्रॅशमध्ये जातो आणि मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस राहतो. नंतर तो फक्त बॅकअपमध्ये.

## १०. काय फाडायचे, कधी

दोन अटी पूर्ण झाल्यावर: तो कागद असलेला एक्सपोर्ट घराबाहेरच्या डिस्कवर पोहोचला आहे, आणि तुम्ही तो एकदा परत उभा करून पाहिला आहे. त्यानंतर फक्त तिसरा ढीग फाडा, वीजबिले आणि पावत्या. दुसऱ्या ढिगाला त्याच्या मुदतीपर्यंत हात लावू नका. पहिला ढीग कधीच नाही.

डिजिलॉकरमध्ये 'इश्यूड' या भागात आलेली कागदपत्रे मूळ कागदासारखी मान्य आहेत. पण तिथे तुम्ही स्वतः अपलोड केलेला स्कॅन हा स्कॅनच राहतो, पेपरलेसमधल्यासारखाच. त्याच्या भरवशावर गुणपत्रिकेचे मूळ पान रद्दीत टाकू नका.